फुप्फुसातील वणाचा आरंभ

जखम होते, भरून येते आणि भरलेल्या जागी वण उरतो. बालपणी गुडघ्यावर पडलेला वण आयुष्यभर सोबत करतो. पण चालण्याफिरण्यात त्याचा काही अडथळा होत नाही. असाच वण फुप्फुसाच्या आत पडला आणि पडून थांबण्याऐवजी पसरत राहिला, तर मात्र शरीराने स्वतःची केलेली दुरुस्तीच त्याच्या जिवावर उठते. फुप्फुस असे तंतुमय, घट्ट आणि कडक होत जाण्याच्या विकाराला वैद्यकशास्त्रात ‘पल्मनरी फायब्रोसिस’ म्हणतात.

या विकाराचे अनेक प्रकार आहेत. संधिवातासारख्या आजारांच्या पाठोपाठ तो होतो, काही औषधांमुळे होतो, धुळीमुळेही होतो. त्यातील सर्वांत कठोर प्रकार ‘इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस’, म्हणजेच आयपीएफ. ‘इडिओपॅथिक’ या शब्दाचा अर्थच ‘कारण अज्ञात असलेला’ असा आहे. हा विकार बहुधा साठीच्या पुढे जडतो. स्त्रियांपेक्षा पुरुषांत, आणि पूर्वी धूम्रपान केलेल्यांत तो अधिक आढळतो. उपचार न झाल्यास निदानानंतरचे आयुष्य सरासरी ३ ते ५ वर्षांचे असते. अनेक कर्करोगांचे भवितव्यही याहून बरे असते.

वण इतका घातक का ठरतो, हे फुप्फुसाची रचना पाहिली की ध्यानात येते. प्रौढ माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात. हे सारे वायुकोश उलगडून पसरले, तर त्यांचे क्षेत्रफळ ७० चौरस मीटरच्या पुढे जाईल. वायुकोशातील हवा आणि केशवाहिनीतील रक्त यांच्यामधला पडदा बऱ्याच ठिकाणी एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. प्राणवायू रक्तात उतरतो तो याच पडद्यातून. त्या जागी कोलॅजनच्या तंतूंचा जाड थर साचला की प्राणवायूची वाट अडते, फुप्फुस फुगेनासे होते आणि जिना चढणेही जड जाऊ लागते.

रोगी डॉक्टरांकडे पोहोचतो तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. कोरडा खोकला आणि चालताना लागणारी धाप ही लक्षणे वयाच्या खात्यावर मांडली जातात. कधी दमा समजून औषधे दिली जातात, कधी हृदयाच्या तपासण्या होतात. डॉक्टरांनी पाठीच्या खालच्या भागावर स्टेथोस्कोप ठेवला असता चपलेचा वेल्क्रोचा पट्टा हळूहळू उघडावा तसा चरचर आवाज ऐकू येतो. एचआरसीटी या स्कॅनमध्ये फुप्फुसाच्या तळाशी आणि कडेला मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे दिसली, तर त्या भागातील मूळ रचना नष्ट झालेली असते. स्कॅनमध्ये जे दिसते ते रोगाचे अखेरचे प्रकरण असते. पहिली पाने बहुधा काही वर्षांपूर्वीच लिहून झालेली असतात. ती पाने वाचण्याचा प्रयत्न आज जगातील अनेक प्रयोगशाळांत चालू आहे.

हा केवळ जिज्ञासेचा विषय नाही. रोगाचा आरंभ कुठे होतो याविषयीची समजूत चुकली तर रोग्याला दिले जाणारे औषधही चुकते, हे या विकाराच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लुईस हॅमन आणि आर्नल्ड रिच या दोन वैद्यांनी १९४४ साली फुप्फुस झपाट्याने तंतुमय होऊन दगावलेल्या चार रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या काळात अशी समजूत रूढ झाली की, फुप्फुसात आधी दाह होतो, तो दीर्घकाळ टिकतो आणि त्यातून वण पडतो. ही समजूत तर्काला धरून होती. दाह हे मूळ असेल तर दाह शमवणारी औषधे द्यावीत, हेही ओघाने आलेच. त्यामुळे कित्येक वर्षे आयपीएफच्या रुग्णांना स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारे अ‍ॅझाथायोप्रिन दिले जात राहिले. पुढे त्यांत अ‍ॅसिटिलसिस्टीन या तिसऱ्या औषधाची भर पडली.

या तीन औषधांचा खरोखर उपयोग होतो काय, हे अमेरिकेत एका काटेकोर चाचणीत तपासले गेले. तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. औषधे घेणाऱ्या ७७ रुग्णांपैकी ८ दगावले होते. औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७८ रुग्णांपैकी एक. रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रसंग पहिल्या गटात २३, तर दुसऱ्यात ७ होते. चाचणीचा तो भाग मध्येच थांबवण्यात आला. ज्या औषधांवर वैद्यांनी आणि रुग्णांनी वर्षानुवर्षे विश्वास ठेवला, ती अपाय करीत होती. यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. रोगाच्या पहिल्या पायरीविषयीचा अंदाज चुकला होता. फुप्फुसाच्या इतर काही विकारांत स्टेरॉइड आजही उपयुक्त आहे, म्हणून डॉक्टरांना न विचारता कोणीही आपले औषध बंद करता कामा नये, हे येथेच सांगितले पाहिजे.

दाहाच्या समजुतीला धक्के मात्र त्याआधीच बसू लागले होते. मोइसेस सेलमन, टॅल्मेज किंग आणि अ‍ॅनी पार्दो या तिघांनी २००१ साली असे प्रतिपादन केले की, आयपीएफचे मूळ दाहात नसून वायुकोशाच्या अस्तराला पुनःपुन्हा होणाऱ्या सूक्ष्म इजांत आणि त्या इजांच्या बिघडलेल्या दुरुस्तीत आहे. त्याच वर्षी एका कुटुंबाच्या अभ्यासातून आणखी एक धागा हाती आला. सरफॅक्टंट हा साबणासारखा पातळ थर वायुकोशांना मिटू देत नाही. त्यातील एका प्रथिनाच्या जनुकात दोष असलेल्या आईला आणि तिच्या बाळाला फुप्फुसाचा विकार होता. हे प्रथिन अस्तरातील एका विशिष्ट पेशीतच तयार होते.

२००७ साली दुसरा धागा मिळाला. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमियर नावाची टोपणे असतात. पेशी विभागत जाते तशी ती झिजतात. त्यांची डागडुजी करणाऱ्या टेलोमरेज या यंत्रणेच्या जनुकांत दोष असलेल्या काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या फुप्फुसे तंतुमय झालेली आढळली. टोपणे लवकर झिजली की पेशी अकाली म्हातारी होते आणि दुरुस्तीची वेळ आली असता विभागू शकत नाही. विकार साठीनंतरच का डोके वर काढतो, याचे एक उत्तर येथे मिळते. तिसरा धागा २०११ सालचा. श्वसनमार्गातील चिकट स्राव तयार करणाऱ्या एका जनुकाच्या नियंत्रक भागातील एक छोटा फरक अमेरिकेतील आयपीएफच्या रुग्णांत निरोगी लोकांच्या सुमारे चौपट प्रमाणात आढळला. तीनही धागे एकाच ठिकाणी जाऊन मिळत होते: हवेला भिडणाऱ्या अस्तराच्या पेशींपाशी.

या अस्तरात मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी असतात. पहिल्या प्रकारच्या पेशी कागदासारख्या चपट्या असून वायुकोशाचा सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग व्यापतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी ठेंगण्या आणि घनाकार असतात. सरफॅक्टंट त्याच बनवतात. चपटी पेशी मेली की तिची जागा भरण्याचे कामही याच ठेंगण्या पेशींचे. त्या विभागतात, त्यांतील काही पसरट होतात आणि भिंतीतले खिंडार बुजते. निरोगी फुप्फुसात हे काम आयुष्यभर कोणाच्या नकळत चालू असते.

२०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठ, इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठ आणि जर्मनीतील म्यूनिक येथील संशोधकांनी या रूपांतराच्या वाटेवरचे एक मधले ठाणे स्वतंत्रपणे शोधून काढले. इजा झाल्यानंतर ठेंगणी पेशी थेट चपटी होत नाही. काही काळ ती एका संक्रमण-अवस्थेत असते. निरोगी उंदरात ती हे ठाणे ओलांडून पुढे जाते. त्याच वर्षी अमेरिकेतील आणखी दोन गटांनी आयपीएफच्या रुग्णांच्या फुप्फुसांतील पेशी एकेक करून तपासल्या. त्यांना अशाच काही विचित्र पेशी सापडल्या: धड ठेंगण्या नाहीत, धड चपट्या नाहीत, वार्धक्याच्या खुणा मिरवणाऱ्या आणि वणाला अगदी खेटून बसलेल्या. दुरुस्तीला निघालेली पेशी वाटेतच अडकली असावी, असे या निष्कर्षांवरून आज अनेक संशोधकांना वाटते.

अडकलेली पेशी स्वस्थ बसत नाही, ती संदेश पाठवत राहते. वायुकोशांच्या भिंतीत टीजीएफ-बीटा नावाचे प्रथिन गुंडाळलेल्या, निष्क्रिय रूपात साठवलेले असते. अस्तराच्या पेशींवरील इंटिग्रिन नावाचे रेणू त्याचे वेष्टन उघडतात, हे १९९९ सालीच दिसून आले होते. मोकळे झालेले टीजीएफ-बीटा शेजारच्या फायब्रोब्लास्ट पेशींना चेतवते. एरवी शांत असणाऱ्या या पेशी मग स्नायूंसारख्या आकुंचन पावू लागतात आणि कोलॅजनचे तंतू ओततात. भिंत कडक होते. कडक भिंतीला प्रत्येक श्वासाबरोबर अधिक ताण बसतो आणि त्या ताणातून आणखी टीजीएफ-बीटा मोकळे होते. बीजिंगमधील संशोधकांनी २०२० साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, ठेंगण्या पेशींना चपटे होता आले नाही तर त्यांच्यावरील ताण वाढतो आणि तंतुमयता फुप्फुसाच्या कडेपासून आत सरकते. रुग्णांच्या स्कॅनमध्येही रोग कडेपासूनच आत सरकताना दिसतो.

ही साखळी कळली म्हणजे ती तोडणे सोपे झाले, असे मात्र नाही. त्या इंटिग्रिनला रोखणाऱ्या एका औषधाची रुग्णांवरील चाचणी सुरक्षेच्या कारणास्तव अर्ध्यावर थांबवावी लागली. जो रेणू वणाला चालना देतो तोच शरीरात अन्यत्र रखवालदाराचेही काम करतो. त्यामुळे नेमके कुठे, केव्हा आणि किती रोखायचे, हा आजचा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा रोजचा पाठलाग प्रामुख्याने पीएच.डी. पूर्ण झालेले तरुण संशोधक करतात. प्रयोगशाळांच्या भाषेत त्यांना ‘पोस्टडॉक’ म्हणतात. नेमणूक दोन-तीन वर्षांची आणि पुढची शाश्वती नाही, अशा स्थितीत ते काम करतात. शोधनिबंधावरचे पहिले नाव बहुधा अशाच एखाद्या संशोधकाचे किंवा विद्यार्थ्याचे असते, आणि त्यामागे न जमलेल्या प्रयोगांनी भरलेल्या कित्येक वह्या असतात.

त्यांच्यापुढची पहिली अडचण ही की, रोगाचा आरंभ माणसात पाहायला मिळत नाही. निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या फुप्फुसाचा तुकडा कोणी काढत नाही. म्हणून दीर्घकाळ उंदरांना ब्लिओमायसिन हे कर्करोगावरील औषध देऊन त्यांच्या फुप्फुसांत वण निर्माण केला जाई, आणि अजूनही केला जातो. परंतु तरुण उंदरातील हा वण बराचसा आपोआप विरतो. माणसातला विरत नाही. उंदरात गुण देणारे औषध माणसात निष्प्रभ ठरते, त्यामागचे हे एक कारण आहे.

यावर काढलेला एक मार्ग विशेष लक्ष देण्याजोगा आहे. शस्त्रक्रियेत काढावा लागलेला फुप्फुसाचा भाग, किंवा दान केलेले परंतु प्रत्यारोपणास योग्य न ठरलेले फुप्फुस प्रयोगशाळेत आणतात. त्यात अ‍ॅगरोजचे कोमट द्रावण भरतात. ते थिजले की यंत्राने अर्ध्या मिलिमीटरहून जाड नसणारे काप काढतात. योग्य द्रवात ठेवलेले हे काप काही दिवस जिवंत राहतात. त्यांत वायुकोश, केशवाहिन्या, फायब्रोब्लास्ट सारे आपापल्या जागी असते. रुग्णांच्या फुप्फुसांत वाढलेली काही संदेशवाहक द्रव्ये एकत्र करून या कापांवर घातली असता पाच दिवसांत वणाच्या आरंभासारखे बदल दिसतात, हे २०१७ साली दाखवण्यात आले. निरोगी मानवी ऊतीत पहिल्या काही दिवसांत काय घडते, हे त्यामुळे डोळ्यांसमोर पाहता येऊ लागले. एका फुप्फुसाचे अनेक काप निघतात आणि तितक्या प्रयोगांत प्राण्यांचा वापर टाळता येतो. ज्या कुटुंबाने शोकाच्या घडीला अवयवदानास संमती दिली, त्याचे दान अशा रीतीने प्रत्यारोपण न होताही वाया जात नाही.

दुसरा मार्ग रुग्णाच्याच फुप्फुसात आहे. प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेल्या रोगट फुप्फुसात सारे भाग सारखे बिघडलेले नसतात. कुठे पोळ्यासारखी छिद्रे, तर वरच्या भागात जवळजवळ निरोगी ऊती. कमी बिघडलेला भाग आधीची अवस्था आणि अधिक बिघडलेला भाग नंतरची, असे मानून संशोधक एकाच फुप्फुसात रोगाची वाटचाल वाचतात. अशा अभ्यासांत, जिथे अजून वण दिसत नाही तिथेही सर्वांत सूक्ष्म श्वासनलिका नाहीशा होऊ लागल्याचे आढळले आहे.

आजच्या उपचारांची मर्यादा पाहिली की आरंभ शोधण्याचे मोल पटते. पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब या दोन औषधांना अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली. दोन्ही भारतातही मिळतात. फुप्फुसाची क्षमता घटण्याचा वेग ती साधारण निम्म्यावर आणतात. २०२५ साली तेथे नेरँडोमिलास्ट या आणखी एका औषधाला मान्यता मिळाली. यांपैकी एकही औषध पडलेला वण पुसत नाही. जे उरले आहे ते जपणे एवढेच त्यांच्या हाती असल्याने, जितके अधिक उरलेले असताना निदान होईल तितका लाभ मोठा. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील २,६३३ लोकांच्या स्कॅनमध्ये सुमारे ७ टक्के लोकांत फुप्फुसाच्या ऊतीत सूक्ष्म बदल आढळले, हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्या सर्वांना पुढे आयपीएफ होतो असे नाही. त्यांतील कोणाचा बदल वाढणार हे आधी ओळखता येणे, हे या संशोधनाचे एक मोठे उद्दिष्ट आहे.

भारतातील चित्र थोडे वेगळे आहे, आणि ते वाचकांच्या घराच्या खिडकीपर्यंत येते. देशातील १९ शहरांतील २७ केंद्रांत अशा विकारांच्या १,०८४ रुग्णांची नोंद करून २०१७ साली अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत मोठा वाटा, ४७ टक्क्यांहून थोडा अधिक, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस या विकाराचा होता. सर्वच रुग्णालयांत हे प्रमाण सारखे आढळत नाही. परंतु या विकाराचे महत्त्व कोणी नाकारत नाही. श्वासावाटे वारंवार आत जाणाऱ्या सेंद्रिय धुळीला फुप्फुस तीव्र प्रतिसाद देते आणि संपर्क चालूच राहिला तर काहींच्या फुप्फुसात कायमचा वण पडतो. ही धूळ बुरशी धरलेल्या एअर कूलरमधून येते, कुजक्या धान्यातून व गवतातून येते, आणि पक्ष्यांच्या, विशेषतः कबुतरांच्या, वाळलेल्या विष्ठेतून व पिसांच्या भुकटीतूनही येते. वर सांगितलेला स्रावाच्या जनुकातील फरक आणि आखूड टेलोमियर या विकाराच्या रुग्णांतही आढळले आहेत. म्हणजे कारण निराळे असले तरी दुबळे अस्तर आणि फसलेली दुरुस्ती ही कहाणी दोन्हीकडे बरीचशी सारखी आहे.

कबुतरांना दाणे घालणे ही अनेक जैन कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जीवदयेची रीत आहे. २०२५ साली मुंबईतील कबुतरखान्यांवरून वाद उभा राहिला आणि तो उच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा श्रद्धा एका बाजूला आणि आरोग्य दुसऱ्या बाजूला अशी मांडणी झाली. फुप्फुसाच्या दृष्टीने प्रश्न याहून साधा आहे. कबुतरांच्या संपर्कात येणाऱ्या बहुतेकांना काही होत नाही, हे खरे; पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही, आणि वण पडल्यावर तो पुसता येत नाही. सज्ज्यात साचलेली विष्ठा कोरडी झाडणारी घरातील स्त्री किंवा कामाला येणारी मोलकरीण, खिडकीशी बसणारे वृद्ध सासरे, वरच्या मजल्यावरचा दमेकरी शेजारी, या साऱ्यांचे श्वासही जीवदयेच्या कक्षेत येतात. दाणे घालायचेच तर ते वस्तीपासून दूर आणि मोकळ्या जागी असावेत. विष्ठा साफ करताना ती आधी भिजवावी आणि तोंडा-नाकावर चांगला मास्क बांधावा. ज्याला हा विकार झाला आहे, त्याच्यासाठी मात्र संपर्क पूर्णपणे तोडणे हाच उपचाराचा पहिला भाग आहे. कूलरमधील पाणी वरचेवर बदलणे, त्याची जाळी सुकवणे आणि धूम्रपानापासून दूर राहणे या गोष्टी सर्वांनाच लागू आहेत.

दोन महिन्यांहून अधिक टिकलेला कोरडा खोकला, पूर्वी सहज चढता येणाऱ्या जिन्यावर लागू लागलेली धाप, बोटांची टोके फुगीर आणि नखे गोलाकार होणे, किंवा कुटुंबात कोणाला फुप्फुस तंतुमय होण्याचा विकार झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास ते वयावर ढकलू नये. छातीच्या डॉक्टरांना भेटून पाठीवर स्टेथोस्कोप लावून घ्यावा, आणि घरात कूलर, कबुतरे किंवा धुळीचे काम असल्यास ते न विसरता सांगावे. वणाचा अगदी पहिला क्षण प्रयोगशाळेतील तरुण संशोधक अजून शोधत आहेत. घरातल्या माणसाची बदललेली धाप मात्र घरच्यांनाच सर्वांत आधी ऐकू येते.